पेटीच्या खोलीबाहेर

आई, मी आता तुझ्यापेक्षा मोठी झाले आहे. तू गेलीस तेव्हा एकसष्ट वर्षांची होतीस, आणि मला गेल्या महिन्यात सदुसष्टावं लागलं. तुझं वय ओलांडलं की तुझ्याशी बरोबरीने बोलता येईल असं मला उगाच वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. तोंडाने बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. तू चौथीपर्यंतच शिकलेली, अक्षरं जुळवत वाचायचीस, माझ्या पत्रांना तुला दोन दोन दिवस लागायचे. हे पत्र कुठे पाठवायचंच नाही, त्यामुळे लांबलं तरी चालेल.

बाबा मुंबईत गिरणीत खोकून खोकून गेले, आणि तू मला घेऊन गाव सोडून रत्नागिरीत आलीस, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मांडवीच्या बाजूला कुणाच्या तरी मागच्या दोन खोल्या आपण भाड्याने घेतल्या. तुला हॉस्पिटलात आयाची नोकरी लागली. पहिली काही वर्षं तू बायकांच्या वॉर्डात होतीस, मग तुला पेटीच्या खोलीत घातलं. अपुऱ्या दिवसांची, वजनाने कमी, निळी पडलेली, जन्मतः न रडलेली अशी बाळं त्या खोलीत ठेवायचे. काचेच्या दोनच पेट्या होत्या. तिसरं बाळ आलं की लाकडी खोक्यात कापूस घालून, वर दिवा टांगून, कडेने गरम पाण्याच्या पिशव्या लावून ठेवायचं. आईबापांना आत जायची मनाई होती. ते बाहेर व्हरांड्यात बाकावर बसायचे. डॉक्टर सकाळी एकदा येऊन जायचे, सिस्टरना मान वर करायला फुरसत नसायची. त्या बाकावरच्या माणसांना आतलं सांगायचं काम तुला कुणी दिलं नव्हतं. ते तू आपणहून घेतलंस. दर तास-दोन तासांनी हात पुसत बाहेर यायचीस, त्यांच्यासमोर खाली जमिनीवर उकिडवी बसायचीस, आणि आत जे पाहिलंस तेवढंच सांगायचीस. त्यातलं काही कमी करायचं नाही, काही वाढवायचं नाही, ही तुझी रीत.

मी तुला दुपारी डबा घेऊन यायचे, तेव्हा हे पुष्कळदा पाहिलंय. ऐंशी साल असेल, मी डी.एड.ला होते. देवरुखच्या बाजूचा एक शेतकरी चार दिवस त्या बाकावर होता. पंचविशीचा असेल, टोपी काढून हातात धरून बसायचा. त्याची बायको तापाने वॉर्डात पडलेली, आणि मुलगा आत खोक्यात. मी डबा घेऊन उभी आहे, आणि तू त्याला सांगते आहेस, "काल होता तसा रंग नाय आज. पाय गार लागतत. दूध दोन थेंब गेला, मग उलटला." तो विचारतो, "जगंल काय ओ?" तू म्हणतेस, "ता मला माहीत नाय. आता हाय." तो मान हलवतो. जणू त्याला पुरेसं मिळालं. मला त्या वेळी तुझा राग आला होता. एवढ्या घाबरलेल्या माणसाला एक गोड शब्द द्यायला काय झालं, असं वाटलं होतं.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. मी तेव्हाही तिथे होते. तू त्याला आत कोमट पाण्याने पुसलंस, स्वच्छ फडक्यात गुंडाळलंस, आणि बाहेर घेऊन आलीस. बाप उठून उभा राहिला. "हात पुढे कर बाबा," तू म्हणालीस. तो म्हणाला, "मेलेला हाय ना पण?" तू म्हणालीस, "हाय. तरी बापूस तूच." त्याने हात पुढे केले, पण लहान बाळ कसं घ्यायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. तू त्याचा उजवा हात धरून बाळाच्या मानेखाली सरकवलास. "मान धर. अशी. सोडायची नाय." मग तो बाकावर बसला, आणि तू त्याच्याजवळ बसून राहिलीस. किती वेळ ते मला आठवत नाही. डब्यातला भात निवून गेला होता. तो माणूस बाळाच्या कानाकडे बघून म्हणाला, "माज्या बापाशीसारको कान हाय." तू म्हणालीस, "हाय ना."

त्याच वर्षी मी ती चूक केली. तू आत होतीस, आणि बाकावर एक बाई रडत होती. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, पहिलटकरीण, माझ्याहून दोनेक वर्षांनीच मोठी. मला राहवलं नाही. मी तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला, आणि म्हणाले, "काळजी करू नका. होईल बरं." तिने डोळे पुसले. हसली. नवरा आला तर त्यालाही तिने सांगितलं की ही आयाबाईंची मुलगी आहे, हिला आतलं सगळं कळतं. तिचं बाळ संध्याकाळच्या आत गेलं. घरी जाताना तू माझ्या पुढे पुढे चालत होतीस. घराच्या पायरीवर थांबलीस आणि म्हणालीस, "तुला कोणी सांगितलान गो, बरा होईल म्हणून?" मी म्हटलं, तिला धीर दिला. तू म्हणालीस, "तिचा पोर आत जात होता आन् ती भायेर हसत होती. तुज्यामुळं. आता जलमभर तिला ता हसणा आठवंल." एवढं बोलून तू चुलीकडे गेलीस. तू मला कधी मारलं नाहीस, पण त्या दिवशी मारलं असतंस तर बरं झालं असतं.

आता माझ्यावर येते. आई, इथपर्यंत लिहायला मला तीन दिवस लागले आहेत.

लग्न झालं तेव्हा हे मुंबईत एका छापखान्यात होते, चौघांत मिळून एका खोलीत राहायचे. मी जवळच्या गावात शाळेत शिकवत होते आणि तुझ्याकडेच राहत होते. मार्गशीर्षातली गोष्ट. मला आठवा लागून दहा-बारा दिवस झाले होते. सकाळी अंगण झाडताना अंगावरून रक्त जायला लागलं. तू रिक्षा आणलीस, आणि दुपारच्या आत मी मोकळी झाले. मुलगी झाली. दीड किलोलाही थोडी कमी. मला तिचं रडणं ऐकू आलं नाही, मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज तेवढा ऐकू आला. सिस्टरने तिला लांबून दाखवलं आणि लगेच पेटीच्या खोलीत नेलं. मला तिचे केस दिसले, काळे, ओले. बाकी काही दिसलं नाही. मला रक्ताच्या बाटल्या लावल्या होत्या आणि उठायची मनाई होती. वॉर्डातल्या बायका हळू आवाजात म्हणत होत्या की सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. त्यांना वाटलं मला ऐकू जात नाही.

सिस्टर तुला म्हणाल्या होत्या की दुसऱ्या वॉर्डात बदली ड्युटी घ्या, स्वतःच्या नातीजवळ नको. तू ऐकलं नाहीस. दोन दिवस तूच तिची आया होतीस. दर दोन तासांनी माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहायचीस आणि सांगायचीस, "लघवी झाली. दूध तीन थेंब गेला. रंग जरा पिवळा हाय." मी पिळून दिलेलं दूध वाटीतून घेऊन परत जायचीस. बसायची नाहीस, मला हात लावायची नाहीस. बाकावरच्या माणसांशी बोलावं तसंच बोलायचीस, त्यांच्यासमोर खाली तरी बसायचीस, माझ्यासमोर तेही नाही. दुसऱ्या दिवशी मी तुझ्यावर चिडले. म्हटलं, "तू माझ्याशी आयासारखी काय बोलतेस? आईसारखी बोल ना." तू वाटी हातात धरून उभी राहिलीस. पदराने वाटी झाकलीस आणि गेलीस.

ह्यांना तार केली होती. पण गाडी खेडच्या अलीकडे घाटात अडकून पडली, पुढे ट्रक आडवा झाला होता. ते पोचले चौथ्या दिवशी सकाळी. तिसऱ्या दिवशी दुपारी तू माझ्याकडे आलीस आणि खाटेवर बसलीस. आयांनी पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही असा नियम होता, आणि तू नियम मोडणारी नव्हतीस. माझे केस कपाळावरून मागे केलेस आणि म्हणालीस, "बरी हाय. झोप तू." मी झोपले. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर वर चढलं होतं. मामा दाराशी उभा होता, त्याचे पाय मातीने भरलेले होते. तू त्याच्या बाजूला उभी होतीस, आणि तुझे हात रिकामे होते. मी विचारलं, "कुठे आहे?" तू म्हणालीस, "गेली. तीन वाजता. मामान् नेलान."

तू शेकडो आईबापांच्या हातात त्यांची बाळं दिलीस, आई. गेलेलीसुद्धा. त्या शेतकऱ्याला मान कशी धरायची ते शिकवलंस. आणि माझी मुलगी माझ्या हातात न देता तू मामाबरोबर पाठवून दिलीस. तिचा कान कसा होता, मला माहीत नाही. तिला कुठे ठेवलं तेही मी मामाला कधी विचारलं नाही, आणि आता मामाही नाही. हे आले तेव्हा व्हरांड्यात पिशवी घेऊन उभे राहिले. तिच्यासाठी मुंबईहून लोकरीची टोपी आणली होती. त्यांनी तुलाच विचारलं, "कुणासारखी होती?" तू म्हणालीस, "नाक तुमच्यासारखा होता." ते अजूनही कधी कधी आरशासमोर उभे राहतात तेव्हा मला ते आठवतं. मला तुझं ते म्हणणं खरं वाटलं नाही. ज्या बाईने मला "बरी हाय" म्हणून सांगितलं, तिचं नाकाचं तरी मी काय खरं धरू?

घरी आल्यावरचे दिवस सर्वांत वाईट होते. बाळंतिणीचं सगळं करायचंच, असं तू ठरवलं होतंस. हळिवाची खीर केलीस, डिंक तळलास, शेगडी पेटवून मला शेक दिलास. घरभर बाळंतिणीचा वास, आणि पाळणा नाही. मला दूध येत होतं. पदर भिजायचा, रात्रंदिवस ठणकायचं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाटीत दूध पिळत होते, नाहीतर ताप चढायचा. तू भाकरी थापत होतीस. परातीत पीठ तसंच ठेवून हात धुतलेस आणि म्हणालीस, "ता दे माज्याकडं. आत एक पोर हाय, त्याच्या आवशीला दूध नाय. डॉक्टर चालंल म्हणालेत." मी वाटी उचलली आणि तुझ्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली. वर तांब्याभर पाणी ओतलं. पुन्हा परातीसमोर बसलीस आणि भाकरी थापायला लागलीस, पण ती भाकरी फाटली, आणि मी तुझ्या हातची भाकरी फाटताना पहिल्यांदा पाहिली. त्या बाळाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. चाळीस वर्षं झाली, अजून कधी दूध नासलं, सांडलं की मला ते बाळ आठवतं. मुलगा होता की मुलगी, तेही मला ठाऊक नाही.

पुढच्या जूनमध्ये मी नोकरी सोडली आणि ह्यांच्याबरोबर मुंबईला गेले. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. मे महिन्यात आठ-दहा दिवस तुझ्याकडे यायचे, तू फणस कापायचीस, आम्ही तिघं आरे-वाऱ्याला जाऊन यायचो, हे पाण्यात जायचे आणि आपण दोघी वाळूत बसायचो. बोलण्यासारखं पुष्कळ असायचं. घरमालकाचं, मामाच्या पोरांचं, आंब्याच्या मोहराचं. हॉस्पिटलाचं नाव तू काढायची नाहीस आणि मी विचारायचे नाही. मला वाटायचं, तू तिथेच आहेस, बाकासमोर खाली बसून लोकांना आतलं सांगते आहेस. इतरांना खरं सांगते आहेस. हा विचार मला त्या वाळूत बसून खायचा. दुसऱ्यांना देण्यासारखं तुझ्याजवळ होतं, मला द्यायला नव्हतं, असं मी मनात म्हणायचे, आणि तुझ्या हातातली करवंदं घ्यायचे.

तू गेलीस तेव्हा मी पोचले नाही. दहाव्याला तुझ्याबरोबरच्या एक सिस्टर आल्या होत्या, निवृत्त झालेल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या बाळानंतर आयाबाईंनी पेटीची खोली सोडलीन, ठाऊक आहे ना तुम्हाला?" मला ठाऊक नव्हतं. त्या महिन्यातच तू कपड्यांच्या खोलीत बदली मागून घेतली होतीस. पुढची तेरा वर्षं चादरी मोजल्यास, टाके घातलेस. मी विचारलं, मग त्या लोकांना आतलं कोण सांगायचं? त्या म्हणाल्या, "कुणी नाही हो. दारातून विचारायचे, आम्ही म्हणायचो डॉक्टर सांगतील. आयाबाईंना आम्ही किती वेळा बोलावलं, या, जरा बसा त्यांच्याजवळ. यायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, माझ्या तोंडाचा आता मलाच भरवसा नाही." हे ऐकून मला समाधान व्हायला हवं होतं, की तुलाही लागलं होतं. झालं नाही. मला तो व्हरांडा दिसायला लागला. तेरा वर्षं त्या बाकावर माणसं येऊन बसली असतील, दाराकडे बघत, आणि कुणी हात पुसत बाहेर आलं नसेल. कितीजणांना बाळाची मान कशी धरायची ते कळलं नसेल.

ह्यांना, मामाला, शेजारणींना, माझ्या जावांना मी आजवर एकच सांगत आले. आईने मला खोटं सांगितलं आणि मुलगी दाखवली नाही. सगळ्यांनी तेच धरलं. तुझ्यासमोर एकदा मामी तसं बोलली, तेव्हाही तू खाली मान घालून तांदूळ निवडत राहिलीस. तुला बोलता आलं असतं.

कारण त्या दुपारी तू आधी "बरी हाय" म्हणाली नव्हतीस. तू खाटेपाशी आलीस आणि म्हणालीस, "चाकाची खुर्ची आणलेय. दारात ठेवलेय. मी सिस्टरना विचारलंय. येतेस?" मी दाराकडे बघितलं. खुर्ची होती. मी म्हटलं, "नंतर." तू म्हणालीस, "नंतर नाय गो बाय. आत्ता." तुझ्या आवाजावरून मला सगळं कळलं, आई. तेव्हाच कळलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मला झोप येतेय. तूच सांग ना, बरी आहे म्हणून." तू बराच वेळ उभी होतीस. मग खाटेवर बसलीस.

मला झोप आली नव्हती. मी डोळे मिटून पडले होते, आणि तुझी पावलं व्हरांड्यातून जाताना मी ऐकली. खुर्ची तू रिकामी ढकलत नेलीस, तिचं एक चाक वाजत होतं. हे मी ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही.